शून्य नमुना

२ फेब्रुवारी २००७

आज कोल्हापुरात दाखल झालो. गडहिंग्लजच्या एसटीने वाटेत एकदाच मान टाकली, तेवढ्यावर निभावलं. शिवाजी पेठेत पाऊल टाकताक्षणी एका फुटबॉलने माझ्या ट्रंकेचं स्वागत केलं. धावत आलेल्या गड्याने 'लागलं न्हाय न्हवं?' असं विचारलं, तेही ट्रंकेकडे बघून. गाव आवडलं.

उभी हयात तालुक्याचा वार्ताहर म्हणून बाजार समितीच्या निवडणुका लिहिल्या. पाठशाळेत पाणिनी घोकला होता, त्याचा उपयोग मुख्याधिकाऱ्यांच्या भाषणातलं व्याकरण मनातल्या मनात दुरुस्त करण्यापुरता झाला. आता पन्नाशीत नवी नोकरी. इथले रुद्रय्या हे लोखंडी सामानाचे व्यापारी. त्यांचा मुलगा श्रीशैल बंगळूरला शिकून आला आणि घराच्या माडीवर त्याने प्रयोगशाळा थाटली. रोगजंतू पकडणारी नखाएवढी पट्टी त्याने बनवली आहे. ती पेठेतल्या लोकांना मराठीत समजावून सांगायची आणि त्यांच्याकडून तपासणीचे नमुने गोड बोलून मिळवायचे, हे माझं काम. नमुना म्हणजे नेमका कशाचा, हे पोट बिघडल्यावर आपण जिथे जातो त्या दिशेने समजून घ्यावं. रोजनिशीतसुद्धा काही संकेत पाळले पाहिजेत.

राहायला माडीवरच खोली, जेवण खाली घरात. रुद्रय्यांच्या पत्नी रत्नव्वा. मी विधुर आहे हे कळताच त्यांनी न विचारता आणखी एक भाकरी वाढली आणि मला 'अण्णा' करून टाकलं. सून शिवलीला हिला सातवा चालू आहे. आधी दोनदा पोटातलं राहिलं नाही, त्यामुळे या खेपेला सारं घर श्वास रोखून आहे. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. मला म्हणाली, काका, संस्कृतातलं एखादं नाव काढून ठेवा, पण हाक मारताना जीभ मोडंल असलं नको. मी सांगितलं की बाळाला आधी येऊ तर दे, मग धातुपाठ उघडू. खूप हसली. हसताना पोटावर हात ठेवते.

६ फेब्रुवारी

श्रीशैलने आज पट्टी दाखवली. काचेवर डोळ्यांना न दिसणारे हजारो खड्डे आहेत. खड्ड्याच्या तळाला असा लेप, की विषमज्वराचा जंतूच तेवढा त्याला चिकटावा, बाकीचे घसरून जावेत. जंतू अडकला की पट्टीतली वीज किंचित बदलते. यंत्रावर लाल दिवा लागतो, नाहीतर हिरवा. आमचे पूर्वज ज्वराची लक्षणं सांगताना श्लोकामागून श्लोक रचत. हा गडी एका दिव्यात उरकतो.

घोटाळा एकच. नमुन्यात इतर हजार गोष्टी असतात आणि त्यांनीही वीज हलते. म्हणून रोज सकाळी एका निरोगी माणसाचा ताजा नमुना घालून यंत्राला सांगायचं की हे शून्य. पुढच्या सगळ्यांतून तेवढं वजा करून यंत्र बोलतं. हे शून्य कुणाचं घ्यायचं, यावर बैठक झाली. श्रीशैलला तंबाखूची सवय, रुद्रय्यांना साखर. प्रयोगशाळेत आफशीन मुजावर म्हणून जंतुशास्त्र शिकलेली मुलगी आहे. ती गेल्याच महिन्यात तापातून उठलेली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. शाकाहारी, सुपारीचं खांड नाही, डॉक्टरचं तोंड कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. आफशीन म्हणाली की सर, काकांचा नमुना आधी काचेच्या ताटलीत वाढवून बघू, जंतू उगवतात का ते, चार दिवस लागतील. श्रीशैल म्हणाला, चार दिवस कुठले आणतेस, माणूस बघ की कसा धुतल्या तांदळासारखा हाय.

अशा रीतीने मी शून्य झालो. शून्याचा शोध आपल्या देशात लागला हे ऐकून होतो. तो शिवाजी पेठेत असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

घराला लागूनच तालीम. तिथला सयाजी पैलवान नमुना द्यायला तयार होईना. पट्टीत पैलवान किती मावत्यात, असं विचारून त्याने माझी विकेट काढली. शेवटी सौदा ठरला. तालमीची रीत अशी, की तिच्या सावलीत जो नवा राहायला येईल त्याने रोज संध्याकाळी थंडाई घोटायची, त्याच्यानंतर कुणी नवा येईपर्यंत. मी घोटायची, त्यांनी नमुने द्यायचे.

भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरं कुंडीत घोटायचं, फडक्यात बांधून दोन्ही हातांनी पिळायचं. पहिला पितळी गडू सयाजीने एका दमात संपवला आणि जाहीर केलं, शास्त्रीबुवा, हाताला चव हाय तुमच्या. माझ्या पत्नीनंतर हे कुणी म्हटलं नव्हतं. द्वारकेला माझ्या हातचं ताक लागायचं.

१६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज दिवसभर घोटतो आहे. तालमीला थंडाई, गल्लीला थंडाई. रुद्रय्यांनी ओळीने उभं करून प्रत्येकाला पेला दिला. शिवलीलेला डोहाळे लागलेत ते नेमके याचेच. रत्नव्वा म्हणाल्या, अण्णा, पोरगी माझ्या हातचं थुकती आणि तुमच्या हातचं मागून पिती, काय जादू केलीसा? म्हटलं, मंत्र आहे, पण फुकट सांगत नाही. दोन पेले प्यायली. बाळ आत लाथा मारतंय, त्यालाबी आवडलं म्हणाली.

दिवे सगळे हिरवे. पेठ निरोगी. मी शून्य. सुखाला आणखी काय लागतं?

३ मार्च

तालमीतले बरेचजण तापाने निजून आहेत. सयाजी उठून बसला तरी भिंत धरतो. ऊन तापलंय, म्हणून असेल. श्रीशैलने सगळ्यांचे नमुने तपासले. हिरवे. म्हणजे निदान विषमज्वर नाही, एवढं नक्की. तसं पत्रक मी आज लिहून वाटलं: घाबरू नये, यंत्राने निर्वाळा दिला आहे. भाषा चांगली साधली होती.

८ मार्च

शिवलीलेला ताप. डॉक्टरांच्या रक्ततपासणीत धड 'हो' नाही, धड 'नाही'ही नाही. ते म्हणाले, पोटुशी आहे, जपून औषध द्यावं लागेल, आधी खात्री होऊ दे. श्रीशैलने यंत्र लावलं. हिरवा. तोच निकाल घेऊन तो दवाखान्यात गेला, आणि डॉक्टरांनी साध्या तापाच्या गोळ्या दिल्या.

मला तिने विचारलं, काका, ह्याला काय होणार न्हाय न्हवं? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं यंत्र खोटं बोलत नाही. तिला बरं वाटावं म्हणून पेलाभर थंडाई घोटून दिली.

१३ मार्च

आफशीनने मला गच्चीवर बोलावलं. यंत्राला न विचारता तिने सयाजीचा आणि शिवलीलेचा नमुना जुन्या पद्धतीने ताटलीत वाढवला होता. दोन्हींत विषमज्वराचे जंतू उगवले. मग तिने माझाही वाढवला.

माझी ताटली भरून गेली आहे.

तिने नीट समजावलं. कधीकाळी मला हा ताप आला असणार. तो गेला, जंतू पित्ताशयात राहिले. माणूस ठणठणीत दिसतो आणि हातांवाटे सगळ्यांना वाटत राहतो. मला आठवलं, नेसरीला असताना मुंज झाल्यावर महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो. आफशीन म्हणाली की यंत्राने तुम्हालाच शून्य धरलं, म्हणजे तुमच्यात आहे तितकं विष यंत्राच्या हिशेबी विषच नव्हे. सगळ्यांतून ते वजा होतं. म्हणून सगळे हिरवे.

मी काहीतरी विनोद करायला गेलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

१४ मार्च

श्रीशैलला सांगितलं. आधी हसला. मग चिडला. परवा एका कंपनीचे लोक यंत्र विकत घेण्यासाठी बघायला येणार आहेत. म्हणाला, थांबा, सगळ्यांसमोरच बघू. माझा नमुना यंत्रात घातला. मला माझ्याशीच ताडून पाहिलं. हिरवा दिवा लागला, अर्थात. रत्नव्वांनी सुस्कारा सोडून माझ्यावरून मीठमोहरी उतरवली.

मी म्हटलं, मला नको, साधं उकळलेलं पाणी शून्य धर. तेही त्याने केलं. मग सगळेच लाल, रुद्रय्याही लाल, तो स्वतःही लाल. पाण्याशी ताडलं तर पोटातलं काहीही लाल दिसतं, त्यातून काही ठरत नाही. आफशीनने तिच्या ताटल्या पुढे केल्या. तो म्हणाला, तू अजून अशक्त हाईस, ताटल्यांची अदलाबदल झाली असंल.

एवढंच झालं की डॉक्टरांकडून कडक औषध सुरू करतो, असं तो शेवटी कबूल झाला. मग आत गेला, शिवलीलेच्या पोटाकडे बघत बसला आणि बाहेर येऊन नाही म्हणाला. बाळाला औषधाने काय झालं तर? यंत्र हिरवं म्हणत असताना?

थंडाई बंद केली. तालीम रुसली आहे.

१६ मार्च

आफशीन तापाने पडली. तिचा भाऊ येऊन घरी घेऊन गेला. प्रयोगशाळेत कुणी आजारी पडलं की सगळं वाफेवर शिजवून निर्जंतुक करायचं, हा तिनेच घालून दिलेला नियम. ताटल्या त्यात गेल्या.

आता या घरात हे खरं मानणारा मी एकटाच.

१७ मार्च

द्वारका तापाने गेली. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यातून आला असेल. त्याआधी ज्या खाणावळीत मी वाढायला मदत करायचो, ती तापाच्या साथीने बंद पडली होती. नेसरीला माझ्यामागून धाकटी बहीण. मी याला आजवर काकतालीय न्याय म्हणत आलो. कावळा बसला आणि फांदी मोडली. कावळ्याला कुठे ठाऊक असतं —

शेवटचे दिवस द्वारका माझ्याच हातचं ताक प्यायली. दुसऱ्या कुणाच्या हातचं नको म्हणायची.

१८ मार्च

माझ्याकडे एकच हत्यार आहे. सारं खरंखरं लिहून दैनिकाला पाठवलं. पेठेतल्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडेही गेलो होतो. त्यांनी आधी गोळ्या दिल्या, मग म्हणाले, तपासणीही करून घ्या.

गोळ्या घेतो आहे. हात धुतो आहे. साबणाने बोटांची सालं निघाली.

२५ मार्च

लेख आला. संपादकांनी तो रविवारच्या विनोदी पानावर घेतला आहे. पैलवान, शास्त्री आणि हिरवा दिवा, शेजारी गोल पोटाच्या माणसाचं चित्र. खाली लिहिलंय, 'आमच्या खुसखुशीत वार्ताहराकडून'.

पेठेत पाठीवर थापा पडताहेत. कसलं लिवलंय की शास्त्रीबुवा, पोट धरून हसलो. ज्यांची पोटं दुखताहेत तेही हेच म्हणाले. दवाखान्यात शिवलीलेच्या डॉक्टरांना गाठलं, तर त्यांनीही विचारलं, तो लेख तुमचाच ना?

इतकी वर्षं सगळ्यांना हसवलं. आता रडायची सोय उरली नाही.

२६ मार्च

माझ्या तपासणीचा निकाल: जंतू नाहीत. औषधवाला म्हणाला, गोळ्या सुरू असताना ताटलीत काही उगवत नाही, पण पित्ताशयातलं इतक्यात जात नसतं. श्रीशैलला त्यातलं पहिलं वाक्य सांगायच्या आत त्याने कागद हिसकावून भिंतीला चिकटवला.

२७ मार्च

सयाजी गेला. आतडं फुटलं.

तालमीच्या हौदातली माती तशीच आहे. लाल, ओली. पायाचा ठसा नाही.

त्याच्या आईने मला मिठी मारली. म्हणाली, माझ्या लेकानं तुमच्या थंडाईचं लई कौतिक केलं हो. मी हात मागे बांधून उभा राहिलो. तिला वाटलं, दुःखाने ताठ झालोय.

२९ मार्च

निघालो होतो. ट्रंक घेऊन स्टँडवर बसलो. जायचं कुठे? जिथे जाईन तिथे कुणाचं तरी तोंड असेल, पाण्याची घागर असेल. शेजारच्या बाईने गूळ-शेंगदाणे पुढे केले आणि मग मी उष्टावलेला तुकडा तिच्या मुलीने —

रुद्रय्या शोधत आले. सून मरणाच्या दारात असताना घरातला माणूस निघून जातो व्हय, म्हणाले. ट्रंक त्यांनीच उचलली. म्हातारा माणूस. मी मागून चालत गेलो.

श्रीशैलला शून्य रोज ताजं लागतं. मी देत नाही. त्याने आधीचं जपून ठेवलंय, तेच लावतो.

३१ मार्च

मुलगा झाला. वजन कमी, पण रडला जोरात. शिवलीला शुद्धीवर नाही. आता कडक औषध सुरू केलंय. उशीर, असं डॉक्टर म्हणाले. कुणाकडेच न बघता म्हणाले.

१ एप्रिल

शिवलीला —

रत्नव्वा ओरडल्या नाहीत. नुसत्या बसल्या.

२ एप्रिल

बाळ घरी आणलं. दवाखान्यात तापाचे रुग्ण फार, तिथे नको म्हणाले. स्वच्छ जागी ठेवा, स्वच्छ माणसांत ठेवा.

श्रीशैल यंत्रासमोर बसून आहे. पुन्हा पुन्हा लावतो. स्वतःचा, आईचा, वडिलांचा. आता तेही घरातलं अन्न खाऊन — यंत्र काय दाखवतं ते मी बघत नाही. मला एवढंच म्हणाला, काका, तुम्ही एकटे खरे शून्य. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. यंत्र खोटं निघालं तर त्याने बायकोला आपल्या हाताने — ते त्याला पेलणार नाही. म्हणून मी शुद्धच असलो पाहिजे.

खोलीबाहेर पडत नाही. दारातलं ताट घेत नाही.

४ एप्रिल

सकाळ. खाली बायका जमल्यात. बाळाला मध चाटवायचाय. आईच्या आजारात राहून गेलं होतं. ज्याच्या बोटाने पहिला मध, त्याचे गुण बाळात उतरतात. रत्नव्वांनी ठरवलंय. घरात निर्मळ हात एकच.

दाराआडून सांगितलं, माझ्या हातात मरण आहे. बाहेर कुणीतरी हसलं. शास्त्रीबुवांचं सुरू झालं म्हणे. रत्नव्वा रडत म्हणाल्या, अण्णा, आता तरी थट्टा नको.

मी शपथ घातली. द्वारकेची घातली. नाहीच —

मी ओरडलो. बाळ रडायला लागलं. त्याचा आवाज अगदी जवळून येतोय.

दाराला खुर्ची लावली आहे. मध उजव्याच हाताने द्यावा लागतो. म्हणून उजव्या हाताने लिहितो आहे. लिहीत आहे तोवर हात मोकळा नाही. काहीही लिहीन. अ आ इ ई. रामः रामौ रामाः. हात मोकळा नाही.

श्रीशैलने दार ढकललं. खुर्ची सरकली.

रत्नव्वा शेजारी बसल्यात. मांडीवर ते आहे. केवढंसं आहे. चांदीची वाटी. मी मान हलवतोय, लिहितोय. त्या म्हणताहेत, लेखन मागनं करा, अण्णा, एवढं बोट द्या. श्रीशैलने मनगट धरलंय, हळूच धरलंय, देवळात धरतात तसं. अक्षर हलतंय. मी लिहितोय. सोडणार नाही. बाळाने तोंड उघडलं. रत्नव्वा माझं एकेक बोट लेखणीवरून सोडव